हातचा एक

पहाटे साडेपाचला टायरोनमधून निघालेली आमची बस
सीमा ओलांडते तेव्हा कुणी जागंही होत नाही.
पाट्यांवरचे मैल किलोमीटर होतात,
खिशाखिशात फोन एकदा थरथरतो,
नॉर्मन रँकिन झोपेतच कूस बदलतो.
देश कोणता, यावर या बसमध्ये तीन मतं आहेत.
कप मात्र अख्ख्या बेटाचा एकच.

मी धावा लिहिते. एकवीस वर्षं, एकाच जातीच्या पेन्सिलीनं.
लीगमध्ये हातचा असतो:
या शनिवारचे गुण पुढच्या शनिवारी उपयोगी पडतात.
कपात हरलं की घर.
म्हणून गायींच्या डॉक्टरनं आज दोन बाळंतपणं दुसऱ्यावर सोपवली,
आणि कोंबड्यांच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
झाहिद तसाच बसमध्ये चढला,
बुटांना अजून भुसा.

मैदान डब्लिनच्या उत्तरेला, समुद्राला पाठ करून.
सीमारेषेपलीकडे कोबी, थेट क्षितिजापर्यंत कोबी.
चेंडू तिकडे गेला की सगळे वाकून हिरवी डोकी चाचपतात.
त्यांचा स्कोअरर फर्गल सीव्हर, वय ब्याऐंशी,
माझ्या शेजारी एकाच टेबलावर,
गुडघ्यांवर एकच घोंगडी, अर्धी त्याची अर्धी माझी.
दर षटकाला आम्ही आकडा जुळवतो,
जुळवायचा असतो.

त्यांच्या एकशे सत्त्याऐंशी, आठ बाद.
आमचं काय सांगू?
पडलो, सावरलो, परत पडलो,
ढग खाली आले, पंचांनी वर बघायचं टाळलं.
शेवटचा चेंडू, दोन हव्यात,
झाहिदनं तो कोबीच्या दिशेनं ढकलला
आणि दोघं धावले, डॉक्टर तर बॅट टाकूनच.
फळ्यावर एकशे अठ्ठ्याऐंशी.
मग आमच्या पोरांनी जे केलं
ते प्रौढ माणसांनी करू नये असं होतं.

फर्गलची पेन्सिल हलली नाही.
त्याच्या वहीत एकशे सत्त्याऐंशी.
चाळिसाव्या षटकात आकडा विचारला होता त्यानं,
मी वर न बघताच मान हलवली होती.

मी पहिल्यांदा हातचा तपासला. हातचा बरोबर होता.
मग उभं, मग आडवं,
मग एकेक टिंब, भाताची शितं निवडावीत तसं.
चाळिसावं षटक, चौथा चेंडू.
पंचांनी पाय उचलून गुडघ्यावर थाप मारली होती,
त्याच वेळी अंड्याच्या सँडविचची बशी पुढे आली होती,
आणि एकच धाव मी दोनदा लिहिली,
एकदा झाहिदच्या नावावर, एकदा अवांतरात.

फर्गल काही बोलला नाही.
घोंगडीचं माझ्याकडचं टोक नीट केलं फक्त.
खोडरबर माझ्याकडेच होतं.

बरोबरी. ते आठ बाद, आम्ही नऊ.
नियम वाचायला पंचांना चष्मा शोधावा लागला.
आमचा कप्तान माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला
की मला त्याच्या आईचा चेहरा आठवला.
मग म्हणाला, चहा निवतोय.

परतीच्या बसमध्ये गाणं नाही.
किलोमीटरांचे मैल झाले, फोन थरथरले.
दहाला झाहिदची पाळी.
तो माझ्या मागच्या सीटवरून पुढे झुकला,
माझे किती? बावीस की तेवीस?
बावीस, मी म्हणाले.
त्यानं मान हलवली. मीही बावीसच मोजले होते.
मग तू बोलला का नाहीस रे?
तो हसला, मांडी चोळत राहिला,
जिथे तो चेंडू लागला होता,
जिथे आता एव्हाना निळं पडत असेल,
वहीत जिची जागा
अवांतरात.